तेराव्यानंतर काय? घरातलं माणूस गेल्यावर साधनेचा आधार कसा घ्यावा

मराठवाड्यात घरातलं माणूस गेलं की पहिले तेरा दिवस त्या घराला कुणी एकटं सोडत नाही. भावकी येते, सोयरे येतात, शेजारच्या घरून पिठलं-भाकरी येते, ओसरीवर सतरंजी अंथरलेलीच असते. चौदाव्या दिवशी सतरंजी गुंडाळली जाते, पाहुणे एसटी धरतात, आणि घरात एक माणूस कमी झालंय हे घरच्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळतं. या लेखाचा मोठा भाग त्या चौदाव्या दिवसापासून पुढच्या वर्षभराचा आहे.

साधना म्हणजे इथे डोळे मिटून समाधी लावणं असं काही धरलेलं नाही. संध्याकाळचा हरिपाठ, नमाज आणि दुआ, त्रिशरण-पंचशील, इष्टलिंगाची पूजा, गुरुद्वाऱ्यातला पाठ, चर्चमधली प्रार्थना, जात्यावरच्या ओव्या. ज्या घरात जे चालत आलंय ते. नवीन काही शोधायला शोकाचा काळ बरा नव्हे. लहानपणी कानावर पडलेलं तोंडात आपोआप येतं, आणि या दिवसांत आपोआप येईल तेवढंच झेपतं.

साधनेने दुःख जात नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. हाताशी आलेलं पोरगंच का गेलं, नेमका पेरणीच्या तोंडावर बाप का गेला, याचं उत्तर पोथीतून काढायच्या मागे लागू नये. कुणी प्रारब्ध म्हणेल, कुणी देवाची मर्जी म्हणेल. ते खरं मानलं तरी रात्री तीन वाजता जाग आल्यावर त्याचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो साधनेच्या कृतीचा: ठरलेली वेळ, तोंडातून निघणारा आवाज, हातातले टाळ, शेजारी बसलेलं माणूस. पुढचं सगळं याच समजुतीवर उभं आहे.

पहिली पायरी: तेरा दिवसांतले विधी करा, पण निवडून

विधी मेलेल्यासाठी की जिवंतांसाठी, हा वाद बाजूला ठेवू. ज्या घरात काही सुचत नसतं तिथे विधी पुढचं काम सांगतो. खांदा द्यायचा, तिसऱ्या दिवशी राख सावडायची, अस्थी गंगेत सोडायच्या (गोदाकाठी गोदावरीला गंगाच म्हणतात; पैठण, गंगाखेड, नांदेडच्या घाटांवर हे रोज चालू असतं). माणूस गेलंय हे मनाच्या आधी हातांना कळतं ते असं. म्हणून शक्य असेल त्याने यात स्वतः हात लावावा. मुलींनी, सुनांनीही. 'बायका स्मशानात येत नाहीत' म्हणून बापाचं शेवटचं दर्शन दारातूनच घ्यावं लागलेल्या मुली वर्षानुवर्षं ते बोलून दाखवतात.

दहाव्याचा घाट पाहिला असेल तर आठवा. पिंड मांडलेला आहे, कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढे होऊन मोठ्याने सांगतो: धाकटीचं लग्न आम्ही करू, सोसायटीचं कर्ज फेडू, म्हातारीला अंतर देणार नाही. गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते सगळ्या भावकीसमोर बोललं जातं आणि कुणीतरी त्याची जबाबदारी घेतं. मला हा सगळ्या विधींतला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. कावळा मानत नसाल तरी एक करा: घरातल्या सगळ्यांनी एका बैठकीत गेलेल्याची अर्धवट राहिलेली कामं मोठ्याने सांगा, कोण काय करणार ते ठरवा. आणि कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करतात, ती सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. 'त्याचा जीव अडकलाय' असं घरच्यांना नंतर ऐकवत बसणाऱ्याला गप्प करावं.

लिंगायत घरांत माती देतात, तिथे राख सावडणं नसतं. बौद्ध घरांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असतं. मुस्लिम घरांत बाकीच्यांचा दुखवटा तीन दिवसांचा, तर विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. शीख कुटुंबं पाठ ठेवतात आणि अंतिम अरदासीने त्याची सांगता करतात. रीत वेगळी, पण दुःखाला एक मुदत आणि माणसांची ये-जा ठरवून दिलेली आहे.

आता निवडायचं काय. तेराव्याचं जेवण कर्ज काढून घालू नका. पाचशे पानं उठली म्हणून कुणाचं दुःख कमी झालेलं नाही, आणि सावकाराचं व्याज मात्र पुढच्या सुगीपर्यंत मागे लागतं. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढून घेणं हे तर सरळ नाकारा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने 'आमच्यात हे होणार नाही' म्हटलं तर ते ऐकलं जातं, म्हणून हे बोलायचं काम आधीच एखाद्या आत्यावर, मावशीवर सोपवून ठेवा. ज्या बाईचा नवरा गेलाय तिने त्या क्षणी भांडावं ही अपेक्षा चुकीची आहे.

तिसरी सावधगिरी बुवा-देवऋषींची. मृत्यू झालेल्या घराचा पत्ता त्यांना लवकर लागतो. करणी झाली होती, पितृदोष आहे, अमुक शांत केली नाही तर दुसराही जाईल, असं सांगून हजारो रुपये उकळतात. अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्रात 2013 पासून कायदा आहे. पण कायद्यापेक्षा साधी कसोटी बरी: जो भीती घालतो आणि लगेच पैसे सांगतो, त्याला चहा पाजून वाटेला लावायचं.

ज्यांना विधी करायलाच मिळाले नाहीत त्यांचं काय? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं गेली. एकेका चितेवर अनेकांना अग्नी द्यावा लागला. दहावा-तेरावा करायला कित्येक घरांत कुणी उरलंच नव्हतं. तिथे आजही दरवर्षी त्या तारखेला स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात. कोरोनातही अनेकांना आपल्या माणसाचं तोंड पाहता आलं नाही. राहिलेला निरोप उशिरा देता येतो. वर्षाने, पाच वर्षांनी. फोटो मांडा, चार जवळची माणसं बोलवा, त्या माणसाबद्दल प्रत्येकाने एक आठवण सांगावी, मग आपापल्या पद्धतीने आरती, फातिहा, वंदना. तिथी चुकली, मुहूर्त नाही, ही कारणं आड येऊ देऊ नका.

दुसरी पायरी: चौदाव्या दिवसापासून दिवेलागणीचा अर्धा तास

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून थोडं थांबून सांगतो.

शोक दिवसभर सारखा नसतो. सकाळ कामात जाते. जनावरं, पाणी, शाळेचे डबे. खरी ओढ लागते ती दिवेलागणीला, माणूस रानातून किंवा ड्यूटीवरून घरी यायची वेळ होते तेव्हा. कान गाडीच्या आवाजाकडे लागतात. गावागावांत हरिपाठाची वेळ नेमकी हीच आहे, आणि मगरिबची नमाजही सूर्य मावळताच असते. तेव्हा नवीन वेळ शोधू नका, हीच धरा.

जागा एकच ठेवा. देवघर असेल तर तिथे, नाहीतर जिथे फोटो ठेवलाय त्याच्यापासून थोडं बाजूला. अगदी फोटोसमोर बसलं की पहिल्या महिन्यात साधना राहते बाजूला आणि माणूस फोटोशीच बोलत बसतं. बोलावंही, पण त्याला वेगळी वेळ द्यावी.

मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात जप करायला सांगणारे पुष्कळ भेटतील, पण ताज्या दुःखात मौन उलटतं. मन शांत होण्याऐवजी दवाखान्यातल्या शेवटच्या रात्रीकडे, फोन आला त्या मिनिटाकडे पळतं. तोंडाने मोठ्याने म्हटलं की कान गुंततात, श्वास लांबतो. इटलीतल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. त्यांनी 23 निरोगी माणसांना कॅथलिक जपमाळेची प्रार्थना आणि एक मंत्र म्हणायला लावला; दोन्हींत श्वासाचा वेग मिनिटाला साधारण सहावर आला, आणि हृदयाच्या ठोक्यांच्या तालावरही त्याचा चांगला परिणाम दिसला. धर्म दोन, भाषा दोन, श्वास मात्र सारखाच. हरिपाठाच्या चालीत, कुराणाच्या तिलावतीत, बुद्धवंदनेच्या पाली ओळींत हा लांब श्वास आपसूक येतो.

कमी म्हणा. पहिल्या आठवड्यात एक अभंग पुरे, किंवा 108 मण्यांची एक माळ. गुरुचरित्राचं पारायण, सव्वा लाख जप असले संकल्प आत्ता करू नका. ते मोडले की 'माझ्याच्याने एवढंही होत नाही' हे एक दुःख वर चढतं. महिन्याभराने हळूहळू पूर्ण हरिपाठावर या. वाचता येत नसेल किंवा डोळ्यांना धार लागून अक्षर दिसत नसेल तर मोबाइलवर लावून त्याच्यामागे म्हणा.

हाताला काहीतरी द्या. टाळ, टाळी, माळ, वाती वळणं. बसवतच नसेल तर मारुतीच्या देवळाला प्रदक्षिणा घालत म्हणा. गंगाखेडच्या जनाबाईंचं सगळं भजन दळता-कांडतानाचं आहे, आसनावर बसून केलेलं नाही. मराठवाड्यातल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या माहेर तुटल्याचं, लेकरू गेल्याचं दुःख जात्यावरच मोकळं केलं. सासूसमोर बोलता येत नव्हतं ते ओवीत बोलता येत होतं. आता जातं गेलं आणि गिरणी आली. दळण सोपं झालं हे चांगलंच झालं, पण पहाटेची ती एकांताची जागा गेली, तिची भरपाई कुठेतरी करावी लागते.

जमेल तेवढं कुणालातरी शेजारी बसवा. नातू, शेजारीण, पुतण्या. त्याने म्हटलं नाही तरी चालेल.

मध्येच रडू आलं तर थांबू नका आणि आवराही नका. आवाज फुटेल, ओळ राहील, पुढची धरा. संपलं की तोंडावर पाणी मारून काहीतरी खा. शोकात जेवण सगळ्यात आधी सुटतं, आणि 'हरिपाठ झाला की जेवायचं' ही जोडी लागली तर दिवसातून एकदा तरी पोटात अन्न जातं.

रात्रीची जाग हा वेगळाच त्रास आहे. दोन-तीनला डोळा उघडतो आणि पुन्हा लागत नाही. अंथरुणात तळमळत पडू नये. उठावं, पाय धुवावेत, बाजेवर किंवा ओसरीवर बसून श्वास सोडताना एकच नाव घ्यावं. काकड्याची वेळ होईपर्यंत झोप नाही लागली तरी काही बिघडलं नाही. दुपारी अर्धा तास टेकावं. झोपेसाठी दारूचा घोट घ्यायचा नाही. मराठवाड्यात पुरुषांचं अर्धं दुःख या घोटात जातं आणि मग तो घोटच घरावर बसतो. बरेच जण अशा वेळी वारकऱ्यांची तुळशीची माळ घालतात, दारू सुटते, घर सावरतं. हे मी अनेक घरांत पाहिलंय. पण माळ पहिल्या महिन्याच्या भरात घालू नये. चार-सहा महिने नेमाने हरिपाठ होऊ द्या, मग घाला.

तिसरी पायरी: रडायला आणि भांडायला जागा ठेवा

'भक्ताने रडू नये, आत्मा अमर आहे' असं सांगणारे लोक संतांना नीट वाचत नसावेत. नरसीच्या नामदेवांनी ज्ञानेश्वरांच्या समाधीचं वर्णन केलंय, त्यात शोक लपवलेला नाही. ज्ञानेश्वर स्वतःच्या इच्छेने समाधी घेत होते, तरी नामदेव व्याकुळ झाले, निवृत्तिनाथांसारखा गुरूही कासावीस झाला असं ते सांगतात. 1296 मधली ही गोष्ट. आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीच्या सोहळ्यात हे अभंग कीर्तनात येतात तेव्हा आजही ऐकणारे ढसाढसा रडतात. पैगंबरांचं लहान लेकरू इब्राहिम गेलं तेव्हा त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं, असं हदीसमध्ये आहे. तुकोबांनी दुष्काळात आपली एक बायको 'अन्न अन्न' करत मेल्याचं अभंगात मांडलं, आणि त्याची लाज वाटली हेही सांगितलं. दुष्काळ पाहिलेल्या आपल्या भागाला हे समजावून सांगावं लागत नाही.

देवावर राग येत असेल तर? येऊ द्या. देवपूजा बंद करून फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवणारी माणसं पाहिली आहेत. त्यांना नास्तिक म्हणू नये, पापी तर नाहीच. जनाबाईंनी विठ्ठलाला 'मूळ मायेच्या कारट्या' म्हणून शिव्या घातल्या आणि त्या शिव्या परंपरेने अभंग म्हणून जपल्या. तेव्हा भांडायचं तर समोर बसून भांडा. रोजच्या अर्ध्या तासात नामस्मरण होत नसेल तर त्या वेळी मोठ्याने तक्रार करा, वहीत लिहा. धर्म आणि मानसशास्त्र यांचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक केनेथ पार्गामेंट यांनी एक फरक दाखवून दिलाय: श्रद्धेचा आधार वाटणाऱ्यांना ती सावरते, पण 'देव मला शिक्षा देतोय' या विचारात अडकून राहिलेल्यांची तब्येत उलट ढासळते. राग बोलून दाखवणं धोक्याचं नाही. शिक्षेचं ओझं आतल्या आत वाहणं धोक्याचं.

म्हणूनच आत्महत्या झालेल्या घरात जास्त जपावं लागतं. तिथे दुःखाबरोबर लाज असते, पंचनामा असतो, सरकारी मदतीला पात्र की अपात्र याचे हेलपाटे असतात, आणि गावातलं कुणीतरी हळूच म्हणतं, 'अशाला मोक्ष मिळत नाही.' त्या घरात सगळे विधी इतर मृत्यूंसारखेच, उघडपणे करा. नाव घेऊन बोला. भजनाला त्या घरच्यांना पहिलं बोलावणं धाडा.

लेकरांना खोटं सांगू नका. 'बाबा देवाघरी गेले', 'झोपलेत' असं सांगितलेलं पोरगं एकतर देवावर रुसतं, नाहीतर झोपायला घाबरतं. बाबा मेले, ते परत येणार नाहीत, आपण त्यांची आठवण काढू, इतकं साध्या शब्दांत. मग त्याच्या हातून फुलं वाहा, दिवा लावायचं काम त्यालाच द्या. पोरं पाच मिनिटं रडतात आणि खेळायला पळतात. त्यांना 'काही वाटत नाही' असा अर्थ काढू नका.

चौथी पायरी: माणसांत बसा

बौद्ध परंपरेतली किसा गोतमीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. बुद्ध सांगतात, ज्या घरात कुणी मेलेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण. गोष्टीचं तात्पर्य म्हणून 'मृत्यू सगळ्यांनाच आहे' एवढंच सांगितलं जातं. मला वाटतं, बुद्धांनी तिला हे वाक्य आधी ऐकवलं नाही यातच सगळं आहे. तिला घरोघर पाठवलं. प्रत्येक दारात कुणीतरी आपलं गेलेलं माणूस सांगितलं असणार, आणि ते ऐकता ऐकता तिने लेकरू खाली ठेवलं.

आपल्याकडे हे दार-दार फिरणं करायची सोय अखंड हरिनाम सप्ताहात आहे. पहाटे काकडा, दिवसा गाथा भजन नि प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. विणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, गावकरी पहारे वाटून घेतात. दुःखातल्या माणसाला कीर्तनाला ये म्हटलं तर येत नाही. पण पहाऱ्याच्या यादीत त्याचं नाव घातलं, 'दादा, पहाटेचा पहारा तुमच्याकडं हाय' असं सांगितलं, तर येतो, कारण तो नाही आला तर विणा कुणाच्या गळ्यात जाणार? बायकांना विणा देत नाहीत अशी गावं आहेत, ते बदलायला हवं. तोवर भाकऱ्या, पंगत आणि महिला भजनी मंडळ आहेच. विधवेला हळदीकुंकवाला बोलवायला कचरणाऱ्या बायका भजनात तिच्या मांडीला मांडी लावून बसतात, हा विरोधाभास मला नेहमी खटकतो. पण बसायला मिळतं हे तरी खरं.

वारीचंही तसंच. पैठणहून नाथांची पालखी निघते, शेगावची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत जाते. पूर्ण वारी पहिल्या वर्षी झेपेलच असं नाही. एक मुक्काम ते दुसरा मुक्काम चाला, किंवा पालखी आपल्या गावावरून जाईल तेव्हा पाणी वाटायला उभे राहा. चालताना शेजारच्याला कुणी गेल्याचं सांगणं सोपं जातं, कारण दोघांचीही नजर समोर रस्त्यावर असते.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात मात्र ताज्या दुःखात जाऊ नये. दहा दिवस मौन, दिवसाचे दहाएक तास बसणं. चांगली साधना आहे, पण सहा-आठ महिन्यांनी, झोप-जेवण जाग्यावर आल्यावर. मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि सारखं शोकातच बसायचं नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1999 साली मांडलं, की निरोगी शोकात माणूस ये-जा करत असतो: थोडा वेळ दुःखात, थोडा वेळ पुढच्या कामात. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात, बँकेत जायचं असतं. त्या दिवशी ऑफिसात चार लोकांशी हसून बोललात तर त्यात गेलेल्याचा अपमान नाही. संध्याकाळचा अर्धा तास राखून ठेवलेला असतो, म्हणून दिवसा हसायला मोकळीक मिळते.

पाचवी पायरी: सण आणि तारखा आधीच ओळखून ठेवा

दुःख पुन्हा उसळतं ते ठरावीक दिवसांना. पोळ्याला बैलांना कोण सजवणार, राखीला कुणाच्या हाताला बांधायचं. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, सगळं गाव रानात जातं. भज्जी, आंबील, उंडे घेऊन कडब्याच्या कोपीत पूजा होते. ज्या घरचा कर्ता गेलाय त्या घरचं शिवार त्या दिवशी सुनं पडतं. 'यंदा आमच्यात सण नाही' ही रीत त्यासाठीच आहे, पण ती दुधारी आहे. एका घराने दार लावून घेतलं की सबंध दिवस आत कोंडून जातो. मधला मार्ग असा: गोडधोड करू नका, पण रानात जा. गेलेल्याच्या नावाने पान वाढा, शेजारच्या कोपीत जाऊन आंबील प्या, आणि ऊन कलायच्या आत घरी या. कुठे जायचं, कुणाबरोबर, किती वेळ, हे चार दिवस आधी ठरवा. त्या सकाळी ठरवायला गेलात तर काहीच ठरत नाही.

एका तारखेबद्दल कडकपणे सांगायला हवं. बाप गेला की वर्षाच्या आत मुलीचं लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, असं सांगतात. त्या घाईत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी मांडवात उभ्या केल्या जातात. शोकातल्या आईला नाही म्हणायचं बळ नसतं, म्हणून मामाने, चुलत्याने, शिक्षकाने मध्ये पडावं. अठरा वर्षांखालचं लग्न गुन्हा आहे, आणि चाइल्डलाइनचा नंबर 1098.

भेटायला जाणाऱ्यांसाठी थोडं

तेराव्यानंतर जा. दुसऱ्या महिन्यात, चौथ्या महिन्यात. 'आता रडू नको बाई, लेकराकडं बघ' हे वाक्य घरी ठेवून जा. 'बरं झालं सुटले', 'देवाला चांगली माणसं आवडतात' हीसुद्धा. गेलेल्याचं नाव घ्या, त्याची एखादी गोष्ट सांगा, विशेषतः घरच्यांना माहीत नसलेली. 'काही लागलं तर सांगा' म्हणू नका, कुणी सांगत नाही. 'बुधवारी तुमचा हरभरा काढायला येतो' असं म्हणा आणि बुधवारी जा.

साधना कमी पडतेय हे कधी ओळखावं

सहा महिने उलटून गेले तरी रोजचं कोणतंच काम उभं राहत नाही, गेलेल्याची ओढ दिवसभर पहिल्या दिवसासारखीच आहे, माणूस कुणाशी बोलत नाही, अंग सुकत चाललंय, तर देवळातल्या खेपा वाढवून भागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत दीर्घकाळ रेंगाळलेला शोक हा वेगळा विकार म्हणून नोंदलेला आहे, आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. गोळी घेतली म्हणून श्रद्धा कमी ठरत नाही. साखरेची गोळी घेणारे कीर्तनकार काय कमी आहेत?

साधनेचीच लपायची जागा होत असेल तर तेही बघा. माणूस घरच्यांशी न बोलता चोवीस तास पोथीत, एकापाठोपाठ एक उपास, पोरांच्या शाळेची चौकशी नाही, सारखं 'मला त्यांच्याकडंच जायचंय'. या शेवटच्या वाक्याला भक्ती समजू नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने विचार येत नाही. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हटलं तर एकटं सोडू नका. फवारणीचं औषध, उंदीर मारायची पूड, दोर घरातून हलवा. औषध शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फोन लावून त्या माणसाच्या हातात द्या आणि तिथेच बसून राहा.

वर्षश्राद्ध आणि पुढे

वर्ष होताना घरात पुन्हा गर्दी होते. त्या आधीच्या पंधरवड्यात झोप उडणं, अंग दुखणं, चिडचिड होणं नेहमीचं आहे. मागच्या वर्षीचे तेच दिवस मनात पुन्हा चालू होतात. या वेळी जेवणावळीऐवजी कीर्तन ठेवणारी, शाळेला पुस्तकं देणारी, बांधावर आंब्याचं झाड लावणारी घरं आता वाढली आहेत. झाड लावणार असाल तर विहिरीजवळ लावा. उन्हाळ्यात टँकरच्या गावात ते वाळलं तर घरच्यांना फार लागतं.

त्यानंतर दरवर्षी पितृपक्षात तिथीला पित्र घालायचं, बाकी तारखा आपसूक सुटत जातात. हरिपाठाचा अर्धा तास ठेवायचा की सोडायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. काहींचा तो आयुष्यभर राहतो. काहीजण एखाद्या संध्याकाळी गड्यांची मजुरी वाटण्यात, नाहीतर पोरांच्या अभ्यासात गुंततात, आणि आज बसायचं राहून गेलं हे त्यांना दुसऱ्या दिवशी आठवतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नये.